पाच वाजताचा मजूर

मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. शहरातल्या चर्चमध्ये तो वाचला तर लोक माना डोलवत ऐकत असतील. आमच्या मिरज-तासगाव भागात तसं होत नाही. इथं एका बाकावर बागायतदार बसलेला असतो आणि पलीकडच्या बाकावर काल त्याच्याच बागेत विरळणी करून गेलेली बाई बसलेली असते. पाळकांनी तो अध्याय उघडला की दोघंही खाली बघतात. दाखला मजुरीचा आहे, आणि मजुरीचं बोलणं रविवारी नको, असं दोघांनाही वाटत असतं.

दाखला थोडक्यात असा. एक मळेवाला पहाटे नाक्यावर जातो. दिवसाचा एक दिनार ठरवून मजूर लावतो. नऊच्या सुमारास परत जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो, आणि दर वेळी रिकामी उभी असलेली माणसं मळ्यात पाठवतो. शेवटी संध्याकाळी पाच वाजता जातो. तेव्हाही काहीजण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथं बिनकामाचे का उभे आहात? ते सांगतात, आम्हाला कुणी लावलंच नाही. तो त्यांनाही पाठवतो. सहाला काम सुटतं. मळेवाला कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आले त्यांच्यापासून सुरुवात कर आणि सगळ्यांना एकेक दिनार दे. पहाटेपासून राबलेले चिडतात. मळेवाला म्हणतो, तुमच्याशी ठरलं तेवढं दिलं, तुमचा काय तोटा केला? माझं मी कसंही द्यावं. मी दयाळू झालो म्हणून तुमच्या पोटात का दुखतं?

हा दाखला मी आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आप्पांना सांगितला. आप्पा माळकरी. आषाढीची वारी कधी चुकवत नाहीत. बायबल त्यांनी वाचलेलं नाही, पण द्राक्षबाग माझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त केलेली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, तंबाखू झटकली आणि म्हणाले, "तुमचा मळेवाला लई चांगला माणूस हाय. पण अण्णा, मला एवढंच सांगा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या मळ्यावर कोण आलं?"

मी हसलो. पण हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नाही. बागेचं काम वेळेचं असतं. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, मग फुटवे काढणं, घड बुडवणं, विरळणी. चार दिवस मजूर आलं नाही तर वर्ष हातचं जातं. अशा वेळी एकानं पाचला आलेल्याला पूर्ण रोज दिला, तर उद्या टोळीची टोळी पाचलाच येईल, आणि गावातले बाकीचे बागायतदार म्हणतील, यानं रेट बिघडवला. आमच्याकडं रेट बिघडवणाऱ्याला लोक चोरापेक्षा वाईट धरतात. तेव्हा प्रश्न असा की हा देव न्यायी आहे, की नुसताच उदार? आणि जो न्यायी नाही त्याच्या मागं जायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. त्यातलं थोडं पुस्तकात सापडलं, थोडं नाक्यावर.

नाक्यावरचं आधी सांगतो. मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी कधी उभं राहून बघा. सहा-साडेसहाला टेम्पो येतात. आधी कोण उचललं जातं? तरणे, धट्टेकट्टे, मुकादमाच्या ओळखीचे. मग हाताला सवय असलेल्या बाया. नऊपर्यंत चांगले सगळे गेलेले असतात. मागं कोण राहतं? पाठीत वाकलेला म्हातारा. पदराला तान्हं पोर असलेली बाई. एक हात अधू असलेला. दारूचं नाव लागलेला. परगावाहून आलेला, ज्याची हमी घ्यायला कुणी नाही. दाखल्यातले पाच वाजताचे मजूर हेच असणार. आळशी माणूस पाच वाजेपर्यंत नाक्यावर थांबत नाही, दहालाच घरी जाऊन झोपतो. पाचपर्यंत जो उभा आहे त्याला कामाची आस आहे म्हणूनच तो उभा आहे. "आम्हाला कुणी लावलं नाही" एवढंच त्यांचं उत्तर आहे, आणि दाखल्यात त्यावर कुणी शंका घेत नाही.

आता दिनार. त्या काळी मजुराच्या एका दिवसाच्या कामाचं ते नाणं. त्यात एका घराची एका दिवसाची भाकरी निघायची. पाचला आलेल्याला तासाच्या हिशोबानं दिनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर तो न्याय झाला असता. पण बाराव्या हिश्श्यात बारावा हिस्सा भाकरी येते. पोरं तर पूर्ण उपाशी असतात. तेव्हा मजुरी कामाच्या मापानं द्यायची की भुकेच्या मापानं, हा मळेवाल्यापुढचा खरा पेच होता. पहाटे आलेल्यांना त्यानं कामाच्या मापानं दिलं आणि ते पोटाला पुरलं. शेवटच्यांना त्यानं भुकेच्या मापानं दिलं. एकाचाही हक्क त्यानं बुडवला नाही. न्यायाच्या खाली तो उतरला नाही, न्याय पुरा करून वर गेला.

मग भांडण कशाचं? इथं एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. मळेवाल्यानं पैसे वाटताना शेवटच्यांना आधी का दिलं? पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते दिनार घेऊन खुशीत घरी गेले असते. मागं कुणाला किती मिळालं ते त्यांना कळलंही नसतं. म्हणजे मळेवाल्याला त्यांनी ते बघावं असंच वाटत होतं. आणि बघितल्यावर त्यांच्या तोंडून जे निघालं त्यात पैशाची तक्रार कमीच आहे. त्यांची तक्रार अशी की यांना तुम्ही आमच्या बरोबरीला आणून बसवलंत.

बरोबरी. हा शब्द आपल्या मातीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांपैकी बरीचशी पूर्वीच्या महारवाड्यातली नाहीतर मांगवाड्यातली. आमचे आजे-पणजे गावाच्या नाक्यावर संध्याकाळपर्यंत उभी राहिलेली माणसं. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला, तेव्हा आमच्या कितीतरी जुन्या माणसांनी शुभवर्तमान कानानं ऐकायच्या आधी मलमपट्टीच्या रूपानं बघितलं. ज्याला शिवायचं नाही त्याच्या जखमेला हात लावणारा डॉक्टर, ही त्यांच्या दृष्टीनं पाच वाजता आलेल्या मळेवाल्याचीच हाक होती.

वरच्या जातीतून आलेल्यांना हीच बरोबरी किती जड गेली तेही लिहून ठेवलेलं आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. बरीच वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढं एका छताखाली आल्या तरी सोवळं सांभाळत राहिल्या. जातिभेद माणसानं केलेला आहे, देवानं नाही, हे त्यांच्या मनाला आपलं आपण पटलं, तेव्हाच त्यांनी सोवळं टाकलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे नवऱ्याच्या पाच वर्षं मागून आल्या. आणि गंमत बघा, टिळकांनी येशूचं चरित्र 'ख्रिस्तायन' म्हणून ओवीत लिहायला घेतलं, ते १९१९ साली त्यांच्या मरणानं अपुरं राहिलं. ते पुढं नेलं शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईंनी. उशिरा आलेल्या मजुरानं शेवटचा घड उतरवला म्हणायचा.

हे सगळं आम्ही उपासनेत अभिमानानं सांगतो. पण दाखला अभिमान धरायला सांगितलेला नाही. मागचा अध्याय वाचला की कळतं, पेत्र येशूला विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नानंतर हा दाखला येतो. म्हणजे तो परूश्यांना किंवा रोमी सरकारला सांगितलेला नाही, पहिल्या नंबरच्या शिष्यांना सांगितलेला आहे. आज आमच्या मंडळीत तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आहेत. आमची नावं रजिस्टरात आहेत, आमचे बाक ठरलेले आहेत. कधीकाळी पाचला आलेल्यांची नातवंडं आज पहाटे आलेल्यांच्या जागी उभी आहेत. दाखला आता आम्हाला उद्देशून आहे.

हे नुसतं बोलणं नाही हे एका प्रसंगानं दाखवलं. गाव आणि मंडळी सांगत नाही, सांगायची गरज नाही. एक गृहस्थ होते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. उभा जन्म दारूत गेला. जमीन होती ती गेली. घरात बायकोला, म्हणजे काकींना, मारहाण. साठी उलटल्यावर कधीतरी ते चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसायला लागले. दारू सुटली. दीड वर्षं एक रविवार चुकवला नाही. बाप्तिस्म्याचं बोलणं चालू होतं, तेवढ्यात कावीळ झाली आणि गेले. रात्री प्रश्न उभा राहिला, माती द्यायची कुठं? कबरस्थान ख्रिस्ती लोकांचं, तात्यांचं नाव रजिस्टरात नाही. जुनी घरं म्हणाली, नियम म्हणजे नियम. एकजण तर बोलून गेला, "जन्मभर मजा केली, आणि शेवटाला आमच्या आजोबांच्या शेजारी येऊन निजणार व्हय?"

मी त्यावेळी तिथं होतो आणि जे वाटलं ते बोललो. मी म्हणालो, नियमाचं पाळकांना विचारू, पण मजा कुणी केली तेवढं आधी ठरवा. तात्यांनी मजा केली असं वाटत असेल तर आपल्याला देवाच्या मळ्यातलं काम ओझं वाटतंय असा अर्थ होतो. उन्हात राबणं जड की दिवसभर नाक्यावर कुणी बोलावतंय का बघत उभं राहणं जड? मी दोन्ही बघितलंय. राबणाऱ्याला संध्याकाळच्या भाकरीची खात्री असते, त्याच्या अंगाला घाम असतो पण पोटात भीती नसते. उभ्याच्या पोटात दिवसभर भीती असते. ज्याला पहाटे बोलावलं त्याला दिनाराच्या आधीच अर्धी मजुरी मिळालेली असते. ज्यानं लहानपणापासून देवाचं नाव घेतलं, शिव्या-मारामारी नसलेल्या घरात भाकरी खाल्ली, त्यानं दारूड्याचा हेवा करायचा म्हणजे हिशोब उलटा मांडायचा.

पण माझ्या या बोलण्यात एक भोक होतं, ते मला बोलतानाच दिसत होतं. मळेवाला आपल्या पदरचं देतो म्हणून तो मोकळा आहे. तात्यांनी जे बुडवलं ते देवाचं थोडं आणि काकींचं जास्त. तीस-पस्तीस वर्षं मार खाल्लेल्या बाईच्या वतीनं "सगळं माफ" म्हणणारे आम्ही कोण? दया स्वस्त करायची ती दुसऱ्याच्या जिवावर, असं होतंय का? जक्कयाची गोष्ट लूकानं लिहिलीय. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा त्यानं नुसता पश्चात्ताप सांगितला नाही, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन म्हणाला. देवाच्या माफीनं माणसाचं देणं फिटत नाही, उलट ते फेडायची बुद्धी होते. तात्यांनी दीड वर्षात काय फेडलं? फार नाही. पहाटे उठून पाणी भरायचे. मिळेल तो रोज आणून काकींच्या हातावर ठेवायचे. तीस वर्षांपुढं ते काहीच नाही.

काकी उंबऱ्यात बसून होत्या. सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्येंचा माझा हिशोब माझ्याजवळ हाय. त्यो तुम्ही काढू नकासा. तुमच्या रानात जागा हाय का न्हाई, तेवढंच सांगा."

त्या एका वाक्यात मला वाटतं सगळं होतं. माफ केलं असं काकी म्हणाल्या नाहीत. माफ केलं नाही असंही म्हणाल्या नाहीत. आपलं खातं त्यांनी आपल्याकडं ठेवलं आणि आम्हाला फक्त आमच्या हातात होतं तेवढं विचारलं. दया आणि न्याय यांचं भांडण पुष्कळदा यातून होतं की आपण दुसऱ्याच्या खात्यावर सही करायला जातो.

जागा दिली. पण ओळीत नाही, कडेला, कुंपणालगत. पाळकांनी प्रार्थना केली, आम्ही माती लोटली. परत येताना मला अर्धा रोज आठवला. आमच्याकडं दुपारी पाऊस आला आणि विरळणी थांबली की बायांना अर्धा रोज देऊन घरी पाठवतात. काम अर्धं, रोज अर्धा. कुंपणालगतची जागा म्हणजे अर्धा रोज. देवानं पुरा दिनार दिला असेल तर कारभाऱ्यांनी वाटेत अर्धा ठेवून घेतला.

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचा चोखोबा तरी कुठं आत हाय? पायरीशीच हाय." चोखोबांची कथा आमच्या भागात सगळ्यांना माहीत. मंगळवेढं जतच्या पलीकडं, फार लांब नाही. तिथं कुसवाचं काम चालू होतं, भिंत ढासळली आणि तिच्याखाली मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, अशी परंपरा सांगते, आणि समाधी झाली महाद्वाराशी. ज्या देवासाठी जन्म गेला त्याच्या देवळात त्यांच्या लोकांना शिरायला मिळावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. आप्पा म्हणाले, "देवानं कवाच आत घेतला आसंल. आमास्नी दार उघडायला सहा-सातशे वर्सं लागली."

आप्पांनी भिंतीचं काढलं आणि मला लूकाचा तेरावा अध्याय आठवला. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लोकांना वाटत होतं, ती जास्त पापी असतील. येशूनं सरळ नाही म्हणून सांगितलं. मी आप्पांना ते सांगितल्यावर ते म्हणाले, "मग चोखोबा काय पापी व्हता? भिंत मजुरावरच पडती, ती बांधत त्योच असतोय."

हा अध्याय मला २०१९ साली फार उपयोगी पडला. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरं, जनावरं, ऊस, सगळं पाण्यात. ते ओसरतंय तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस लागून राहिला, आणि फुलोऱ्यात आलेल्या बागा डावणीनं आणि घडकुजीनं गेल्या. तेव्हा दोन तऱ्हेचे उपदेशक फिरत होते. एक म्हणायचे, पाप वाढलं म्हणून झालं. दुसरे म्हणायचे, देव छाटणी करतोय, पुढं फळ येईल. पहिल्यांना शिलोहाचं उत्तर आहेच. दुसऱ्यांना उत्तर द्यायला द्राक्षवाला पाहिजे.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो आणि बापाला माळी. फळ देणारी फांदी माळी छाटतो, जास्त फळ यावं म्हणून. खरं आहे. एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी केली की बाग बघवत नाही. नुसते ओलांडे उरतात, काप घेतलेल्या जागेतून पाणी ठिबकतं. पण छाटणारा प्रत्येक काडी हातात धरतो, डोळे मोजतो, मग कात्री लावतो. तो वेलीच्या बाजूचा असतो. गारपीट डोळे मोजत नाही. गारेनं फोडलेली काडी आणि कात्रीनं कापलेली काडी यांतला फरक बागायतदाराला लांबून कळतो. ज्याचं पोर वाहून गेलं त्याला "ही छाटणी आहे" म्हणणं म्हणजे गारेला माळी म्हणणं. सूर्य वाईटावर आणि चांगल्यावर सारखाच उगवतो आणि पाऊसही दोघांवर सारखाच पडतो, हे येशूनंच डोंगरावर सांगितलं. मग पुरातही दोघं सारखेच बुडणार.

मग देवाच्या मागं जाऊन मिळतं काय? हा पेत्राचाच प्रश्न. याचं उत्तर दाखल्यातच आहे असं मला आता वाटतं. पहाटेच्या मजुरांशी करार झाला होता, दिवसाचा एक दिनार. नऊच्या मजुरांना एवढंच सांगितलं होतं की योग्य असेल ते देईन. पाचच्या मजुरांनी रोजाचा विषयच काढला नाही. सांगितलं आणि गेले. जे करारावर गेले ते शेवटी मालकाशी भांडले. जे विश्वासावर गेले त्यांना त्याचं मन कळलं. एवढी प्रार्थना केली म्हणून एवढा भाव मिळाला पाहिजे, अशा हिशोबानं जो देवाच्या मागं जातो त्याला कधी ना कधी अवकाळी पाऊस गाठतो आणि त्याची श्रद्धा मोडते. मोडणारच. ती श्रद्धा नव्हती, उक्तं काम होतं.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटाला हे करून दाखवलं, तेही आमच्या शेजारी, साताऱ्यात. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्ताकडं आलो असं मानणारा हा माणूस. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांच्या आत ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण ठरलेला रोज सोडून उतारवयात पुन्हा नाक्यावर येऊन उभं राहणं, आणि बाप्तिस्मा नसलेल्याला शेजारी बसवणं, या दोन गोष्टी त्यांना एकाच वेळी सुचल्या याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्याला स्वतःचा करार सोडता येतो त्यालाच दुसऱ्याची बरोबरी सोसते.

पौलानं रोमकरांच्या पत्रात कलमाचं उदाहरण दिलंय. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर बांधली गेली, तर तिनं तोरा मिरवू नये, मुळाचा आधार तिला आहे, तिचा मुळाला नाही. आमच्या बागा आता बहुतेक डॉगरीजच्या खुंटावर आहेत. खाली अमेरिकेतल्या रानवेलीचं मूळ, वर थॉमसन किंवा आपल्या तासगावकडची तास-ए-गणेश. म्हणजे पौलाच्या उलटं. पाण्याचा ताण आणि खारट जमीन ते रानटी मूळ सोसतं आणि बाजारात नाव होतं वरच्या जातीचं. आमच्या मंडळीचंही असंच आहे. सोसलं ते अक्षर न येणाऱ्या आज्या-पणज्यांनी, आणि रजिस्टर हातात घेऊन बसलो आम्ही.

आप्पांचा प्रश्न अजून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण आलं? दाखला सांगत नाही. माझं उत्तर मी माझ्यापुरतं काढलंय. दुपारी पाऊस येऊन काम थांबलं तर बायांना मी पुरा रोज देतो. पाऊस त्यांनी आणलेला नसतो. दोघा-तिघा बागायतदारांनी बोलून दाखवलं, तुमचं ठीक आहे, आम्हाला परवडत नाही. त्यांचं खोटं नाही. मलाही सोसायटीचं कर्ज आहे, बेदाण्याचा दर पडला की माझंही कंबरडं मोडतं, आणि सगळ्या नाक्याला रोज द्यायला मी देव नाही. पण दुसऱ्या दिवशी बाया यायच्या थांबल्या नाहीत. एक मावशी तर म्हणाली, "आज चार घड जादा उरकतो, कालचं मनात हाय."

हे सांगितलं म्हणून लगेच तो दाखला म्हणजे मजूर टिकवायची युक्ती आहे असं कुणी समजू नये. काही जण पुरा रोज घेऊन दुसरीकडं गेलेही. द्यायचं ते परत येईल म्हणून दिलं तर तोही करारच.

दाखल्यात मालकासारखा मी कधीच नसतो, हे मला हळूहळू उमगत गेलं. मालक एकच आहे. मी फार तर तो कारभारी, ज्याच्या हातानं दिनार वाटले गेले. पैसे त्याचे नव्हते, मळा त्याचा नव्हता, तरी वाटताना त्याचा हात आखडला असता तर शेवटच्याला कमी मिळालं असतं. कबरस्थानाची जागा, चर्चचा बाक, पाण्याचा हंडा, दुपारनंतरचा अर्धा रोज, यांतलं आपल्या मालकीचं काय आहे? वाटायचं तेवढं आपल्याकडं आहे.

आणि मळेवाला न्यायी की उदार, याचाही उलगडा मला बागेच्या हिशोबानंच झाला. बागायतदार म्हणून मी एक गोष्ट खात्रीनं सांगतो. संध्याकाळी पाच वाजता कुठलाही मळेवाला कामासाठी मजूर शोधायला जात नाही. तासाभरात काय काम होणार? जाऊन-येऊन अर्धा तास मोडतो. पाच वाजता मळ्याला मजुराची गरज नसते. तरी तो गेला, तेही स्वतः, मुकादमाला पाठवलं नाही. मळ्यासाठी त्याला पहाटेचे मजूर पुरले असते. पाचची खेप त्यानं केली ती नाक्यावर अजून कोण उभं आहे ते बघायला.